कॉमेट वळूच्या मागावर: रेडिंग आणि डरहॅमची दप्तरं

ऑक्टोबर १८१० मध्ये केटनच्या लिलावात कॉमेट हा शॉर्टहॉर्न या इंग्लिश जातीचा वळू १,००० गिनींना गेला. गिनी २१ शिलिंगांची, म्हणजे १,०५० पौंड झाले. केटन हे शेत चार्ल्स कॉलिंग या पैदासकाराचं, शेजारचं बार्म्प्टन त्याच्या भावाचं, रॉबर्टचं; दोन्ही डार्लिंग्टनजवळ. तरी त्याच्या कागदपत्रांच्या शोधाची सुरुवात रेडिंगला करावी. वळूचा क्रमांक आणि पैदासकाराचं गाव हाताशी नसेल तर डरहॅममध्ये दिवस फुकट जातो.

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेडिंगला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. तिथल्या इंग्रजी ग्रामजीवनाच्या संग्रहालयात, मर्लमध्ये, वाचनकक्षाची वेळ आधी ठरवून घ्या आणि कागदपत्रांची मागणीही आधीच पाठवा. जॉर्ज कोट्सने १८२२ मध्ये हर्ड बुकचा, म्हणजे शॉर्टहॉर्न गुरांच्या वंशावळींच्या नोंदवहीचा, पहिला खंड काढला. त्यात वळू वर्णानुक्रमे आहेत: कॉमेट १५५, फेव्हरिट २५२, हबॅक ३१९. एकाच नावाचे अनेक वळू सापडतात, म्हणून नुसतं नाव टिपू नका, क्रमांकही लिहा. गायींना असे क्रमांक नाहीत; त्यांच्यासाठी मालकाचं नाव आणि गाव टिपावं लागतं.

वंशावळ आईकडून मागे वाचत जायची: आई, मग आजी, पणजी, आणि प्रत्येकीच्या पुढे तिचा बाप. कॉमेटची वंशावळ कागदावर आखून पाहाच. त्याचा बाप फेव्हरिट, आई यंग फीनिक्स. यंग फीनिक्सचा बापही फेव्हरिटच, आणि तिची आई फीनिक्स ही फेव्हरिटचीच आई! जवळच्या नात्यात पैदास करणं म्हणजे काय, ते या एका आकृतीत दिसतं.

वजनांत हमखास घोळ होतो. डरहॅम ऑक्स या प्रसिद्ध बैलाचं पाचव्या वर्षीचं वजन २१६ स्टोन सांगतात. स्टोन १४ पौंडांचा धरला तर ते सुमारे १,३७० किलो भरतं. स्मिथफील्डच्या खाटकांचा स्टोन मात्र ८ पौंडांचा. कोणता स्टोन आहे ते पाहिल्याशिवाय आकडा वापरू नये.

डरहॅम काउंटीचं दप्तर आता माउंट ऑसवाल्डच्या ‘द स्टोरी’ इमारतीत आहे. ते स्टेशनपासून लांब, शहराच्या दक्षिण टोकाला आहे, बस घ्या. फोटोचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. पेन नको, शिसपेन्सिल न्या. शोध शेताच्या नावाने घेतला तर फारसं हाती लागत नाही, पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागाच्या, नावाने घ्या: बार्म्प्टन हॉटन-ल-स्कर्न पॅरिशमध्ये येतं. गुरं राखणारे, दूध काढणारे यांचा हर्ड बुकात पत्ताच नाही. ते भेटतात पॅरिशच्या बाप्तिस्मा-दफनाच्या नोंदींत आणि गरिबांना दिलेल्या मदतीच्या हिशेबांत, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे.

मृत्युपत्रं डरहॅम विद्यापीठाच्या संग्रहात मिळतात. गुराढोरांची मोजदाद असलेल्या मालमत्तेच्या याद्या १७५० नंतर विरळ होतात, म्हणून कॉलिंगांच्या काळासाठी त्यांच्यावर विसंबू नका. जुन्या याद्यांचं हस्ताक्षर मोडीसारखंच सरावाने उलगडतं. ‘सी’ आणि ‘आर’ नीट पाहा. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं, तेव्हा फेब्रुवारी १७४५ म्हणजे आपला १७४६.

केटन-बार्म्प्टनला जायचं तर डार्लिंग्टनला उतरा. शेतं खासगी आहेत, पायवाट सोडू नका. वासरांसह गायी चरत असतील तर लांबून वळसा घ्या.