पांढरी चार

माझ्या क्लासला येणारी बरीचशी मोठी माणसं 'आवाज गोड करून द्या' म्हणत येतात. ज्येष्ठमध, खडीसाखर, मध सगळं करून झालेलं असतं. गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना शिवतही नाही, हे सांगितलं की चेहरे पडतात. वाफ तिथवर पोचते. पाण्याचा उपयोग होतो, पण ते दिवसभर पीत राहावं लागतं. माइक हातात घेण्याआधीच्या दोन घोटांनी काही होत नाही.

क्लासला आलेल्या एका मावशींची तक्रार मात्र नेमकी होती. "मॅडम, दोन गाना म्हनात का मन्हा गळा बसी जास." माहेर अमळनेरकडचं, संसार धुळ्यात, उभी नोकरी अंगणवाडीत पोरांच्या गलक्यावर आवाज चढवून केलेली. निवृत्तीनंतर कराओके ग्रुपमध्ये जाऊ लागल्या. 28 सप्टेंबरला, लतादीदींच्या जन्मदिनी, ग्रुपचा कार्यक्रम होता आणि त्यात त्यांना दोन गाणी मिळाली होती.

घसा महिन्याभरापासून घोगरा होता, म्हणून मी आधी हार्मोनियम उघडलीच नाही. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय मी कुणालाही गायला बसवत नाही. (आमच्यातले काही गुरुजी अशा गळ्यावर भल्या पहाटे खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, घासायला लावतात. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.) गाठ नव्हती, सूज होती. विश्रांती झाली, सूज उतरली आणि मावशी परत आल्या.

तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

आधी त्यांना मोबाइलवरच्या ट्रॅकबरोबर गायला सांगितलं. मूळ पट्टी, काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी हा 'सा'. श्वास घेतला तो खांदे उचलून. हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा ताठल्या आणि प्रत्येक 'आ'च्या तोंडाशी एक ठोका ऐकू आला. स्वरतंतू आधी घट्ट मिटायचे आणि मग हवेने ते फोडून उघडायचे, त्याचा तो आवाज. काळी पाचच्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, ते सेकंदाला साधारण 466 वेळा एकमेकांवर आदळतात. प्रत्येक वेळी असं दाबून आदळले तर सुजणार नाहीत तर काय होईल?

मग स्ट्रॉ काढली. अर्धा पेला पाणी, स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडालेलं, आणि बुडबुडे काढत 'ऊ' खालून वर, वरून खाली. स्ट्रॉमुळे हवेचा थोडा दाब उलटा मागे येतो, स्वरतंतू किंचित अलग राहतात, आपटणं सौम्य होतं. दिसायला पोरखेळ, पण थकलेल्या गळ्याला याच्याइतकं सोसणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. मावशींना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी स्ट्रॉ बाजूला ठेवली आणि काहीतरी गुणगुणायला लागल्या. बघता बघता पूर्ण आवाजात गाऊ लागल्या. अहिराणी गाणं होतं, गौराईचं.

मी हळूच सूर तपासला. पांढरी चार. हनुवटी जागेवर, खांदे स्थिर, 'आ' मोकळा, ठोक्याचा मागमूस नाही. श्वास ओळीच्या शेवटी आपोआप भरत होता. मी थक्क होऊन विचारलं, हे कुठे शिकलात?

"हाई ते आम्ही झोकावर म्हनतस."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात. ओळी छोट्या, एका बाजूने म्हणायची, दुसऱ्या बाजूने उचलायची, तेवढा वेळ गळ्याला आराम. मी वर्ग घेऊन जे शिकवते ते त्यांच्या अंगात लहानपणापासून होतं, फक्त कराओकेचा माइक हातात आला की ते विसरायला होत होतं.

मग ट्रॅक पाच पट्ट्या खाली घेतला, काळी पाचवरून पांढरी चारवर. तार षड्ज 466 वरून 349 वर आला. आधी एक ओळ झोक्याच्या गाण्याची, लगेच त्याच श्वासाने एक ओळ लताबाईंच्या गाण्याची. दोन्ही गाणी पुरी झाली. गळा बसला नाही. आवाज भरदार, थोडा खरबरीत, आणि पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा वाटला.

ग्रुपच्या रिहर्सलला त्यांनी खालच्या पट्टीत गायला सुरुवात केली तर संयोजकांनी ट्रॅक थांबवला. 'ओरिजिनल स्केलच पाहिजे, नाहीतर मजा जाते.' एक बाई म्हणाल्या, पुरुषासारखा आवाज येतोय. मला याची चीड येते. बाईने बारीक आवाजातच गायचं हे कुणी ठरवलं? कार्यक्रमात निदान ते झोक्याचं गाणं म्हणू द्या, असंही मावशींनी विचारून बघितलं. हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आहे, असं उत्तर मिळालं.

आता त्या म्हणतात, मॅडम, तुम्हीच येऊन सांगा त्यांना. मूळ पट्टीत गायल्या तर दुसऱ्या गाण्याला गळा बसणार, हे मी त्यांना सांगून चुकले आहे. तरी ग्रुप सोडायची त्यांची तयारी नाही. निवृत्तीनंतर घराबाहेर पडायचं तेवढंच एक ठिकाण आहे त्यांना. आणि संयोजकांच्या दोन्ही मुली माझ्याकडे प्रवेशिकेची, गाण्याच्या परीक्षेची, तयारी करतात.

पुढची रिहर्सल रविवारी आहे. जायचं की नाही, माझं अजून ठरत नाही.