ठाण्याहून लोकलने: जुनी घरे आणि त्यांचे जिने

गाडी घरीच ठेवून एक दिवस मुंबईतील काही ऐतिहासिक घरे पाहून यायचे, असे ठरले तेव्हा मला इतिहासाची नव्हे, तर बाबांच्या गुडघ्यांची काळजी होती. बाबांचे वय ७४ आहे आणि जिना दिसला की ते आधी कठडा कोणत्या बाजूला आहे ते पाहतात. गाडीने जावे, तर दादर आणि गिरगावात ती उभी करण्यातच अर्धा दिवस गेला असता. शिवाय १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ज्या गावाला आली, त्या गावच्या माणसाने मुंबईला मोटारीने जाणे बाबांना मुळातच पटत नाही.

रविवारी रुळांच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो, म्हणून शनिवार निवडला. ठाणे ते सीएसएमटी असे परतीचे तिकीट पश्चिम रेल्वेवर उपयोगी पडत नाही आणि आम्हाला तर दादरला मार्ग बदलायचा होता. त्यामुळे आम्ही उपनगरी रेल्वेचा एक दिवसाचा पर्यटक पास काढला. आम्ही काढला तेव्हा द्वितीय वर्गाला ७५ रुपये पडले आणि मध्य, हार्बर व पश्चिम अशा तिन्ही मार्गांवर दिवसभर कितीही वेळा चढ-उतार करण्याची सोय झाली. ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल धरली. जलद गाडीने काही मिनिटे वाचली असती, पण बाबांना बसायला मिळाले नसते.

दादरला पूर्वेकडे उतरून आम्ही हिंदू कॉलनीतील राजगृहाकडे चालत गेलो. हे घर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी स्वतः बांधून घेतले आणि ते बांधण्यामागचे एक मोठे कारण पुस्तके हे होते. त्याआधी सुमारे बावीस वर्षे ते परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत दोन खोल्यांत राहिले. विलायतेतून आणलेले ग्रंथ आणि वाढता संसार त्या खोल्यांत कसा मावत असेल, याचा विचार चाळीत वाढलेल्या कोणाच्याही मनात येईलच. तळमजल्यावरच्या खोल्यांत त्यांच्या वापरातील वस्तू आणि छायाचित्रे पाहायला मिळतात. वर कुटुंबीयांचे राहते घर असल्यामुळे तेथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि डिसेंबर १९५६ मध्ये दिल्लीहून आणलेले बाबासाहेबांचे पार्थिव दादर चौपाटीला नेण्यापूर्वी येथेच ठेवले होते. संग्रहालय म्हटले की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो; येथे मात्र बाबा कुजबुजतच बोलत होते. जिना चढावा लागला नाही, हे त्यांनी बाहेर आल्यावर आवर्जून सांगितले.

त्याची भरपाई दादर स्थानकाच्या पुलाने केली. पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडली, कारण सर्वच जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. तेथे मात्र माझी चूक झाली. बोलण्याच्या नादात मी बाबांना पूर्वेला उतरवले आणि मणिभवन आहे पश्चिमेला, नाना चौकाच्या पलीकडे गावदेवीत. पुन्हा पूल चढणे आले. बाबा काही बोलले नाहीत, हे अधिक लागले.

मणिभवन हे रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे घर. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की येथे उतरत. मालक त्यांचे स्नेही, घर त्यांचे नव्हे. आणि तरीही दुसऱ्या मजल्यावरील त्यांची खोली जपून ठेवली आहे, चरखे आणि बैठकीसह, काचेपलीकडे. जिना लाकडी आहे. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबले, पण थांबण्याचे निमित्त मिळावे म्हणूनच जणू पहिल्या मजल्यावर छायाचित्रे लावलेली आहेत. गच्चीवर ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे गांधीजींना अटक झाली. माझ्या दृष्टीने मात्र या घरातील सर्वांत मोलाची तारीख १४ ऑगस्ट १९३१ ही आहे. त्या दिवशी बाबासाहेब गांधीजींना येथे भेटायला आले आणि आपल्याला मायभूमी नाही, असे त्यांनी गांधीजींना तोंडावर सांगितले. सकाळी राजगृह पाहून दुपारी या खोलीसमोर उभे राहिल्यावर ती भेट पुस्तकातल्यासारखी दूरची वाटत नाही. त्या वेळी एक जण स्नेह्याच्या घरी पाहुणा होता आणि दुसरा चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होता, हे मी तोवर कधी एकत्र लक्षात घेतले नव्हते.

पुढे एकाच स्थानकावर चर्नी रोडला उतरून खोताची वाडी पाहिली. लाकडी व्हरांडे आणि बाहेरून चढणारे जिने असलेली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्याच मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांची घरे तेथे अजून उभी आहेत. पण ती लोकांची राहती घरे आहेत, म्हणून खिडक्यांत डोकावणे टाळावे आणि फोटो विचारून काढावा. मला नौपाड्यातील आमची कौलारू चाळ आठवली. तिच्या जागी आता सात मजले आहेत, आणि लिफ्टही आहे, हेही खरे.

मरीन लाइन्सहून धोबी तलावमार्गे लोकमान्य टिळक मार्गाने आम्ही क्रॉफर्ड मार्केटपाशी पोहोचलो, तेव्हा उन्हे कलली होती. समोर सरदारगृह. पुण्याचे टिळक मुंबईत आले की येथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, येथेच त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी असहकार चळवळ सुरू व्हायची होती. त्यांचे वास्तव्य चौथ्या मजल्यावर होते. बाबांनी मान वर करून मजले मोजले, एकदा गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “लोकमान्यांना खालूनच नमस्कार करतो.” आम्ही तसेच केले.

सीएसएमटीवरून सुटणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. परळ मागे पडताना बाबांनी खिशातली डायरी काढून त्यात बीआयटी चाळ असे लिहिले आणि पुढे कंसात प्रश्न टाकला, किती मजले?