गायकानं माईक फिरवला

शिवाजी पेठेत काल ऑर्केस्ट्रा. कडव्याच्या शेवटी 'रांडंच्या' आलं, तसा गायकानं माईक आमच्याकडं फिरवला. अख्खी गल्ली ओरडली. मीही, शिट्टीसकट!

आपल्या कोल्हापुरात हा शब्द शिवी कमी, लाड जास्त. जुना दोस्त भेटला की "कुठं हैस रं रांडंच्या?" हाच रामराम.

शेजारच्या खुर्चीतल्या आजी तेवढ्या गप्प. विचारलं, "आवडलं न्हाई व्हय, आजी?"

"चाल झ्याक हाय. पर रांड म्हंजी कोण, ठावं हाय न्हवं? मालक गेल्यावर मलाबी म्हनायचे. पोरगं तवा तीन वर्साचं."

पुढच्या कडव्याला माईक परत फिरला. गल्ली पुन्हा ओरडली.

मी नुसतंच तोंड हलवलं. तुम्ही काय केलं असतं?