अपग्रेड करायचं का? आधी वजन टांगून बघू

तपासणी प्रयोगशाळेतले चार संगणक विंडोज १० वर होते आणि ते विंडोज ११ वर न्यायचे की नाही, हे ठरवायचं होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून संगणक बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि नेटवर्कवरच्या मशीनसाठी तेवढं कारण पुरेसं आहे. प्रयोगशाळेच्या मॅडमना "हो" किंवा "नाही" असं एकच उत्तर हवं होतं. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, मशीन चार आहेत, उत्तरंही चार निघतील. आधी प्रत्येकाच्या मागे काय काय जोडलंय ते लिहून काढू."

अपग्रेडच्या निर्णयात लोक प्रोसेसर आणि रॅमपासून सुरुवात करतात. ते तपासायला काही मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो मशीनला लावलेली उपकरणं, जुने प्रोग्रॅम आणि त्यांच्या फाइली नेमक्या कुठे पडल्यात हे शोधण्यात.

पहिलं मशीन रिसेप्शनचं. आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, म्हणजे कागदावर पात्र. तरी तपासणीत टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप, सापडत नव्हतं. अशा वेळी चिप नाही असं समजू नये. इंटेलच्या बोर्डवर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावाने ती सोय बायोसमध्ये असते, फक्त बंद ठेवलेली असते. इथेही तसंच होतं. पण एमएसइन्फो३२ या विंडोजच्या माहितीच्या टूलमध्ये 'बायोस मोड: लेगसी', म्हणजे जुनी बूट पद्धत, दिसलं आणि डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची निघाली. या अवस्थेत बायोसमध्ये जाऊन थेट सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलं, तर संगणक 'बूट करायला डिस्कच नाही' म्हणतो. घाबरून फॉरमॅट मारणारे लोक इथेच मारतात. डेटा जागेवरच असतो. सीएसएम पुन्हा सुरू केलं की मशीन उठतं.

क्रम उलटा हवा. आधी पूर्ण डिस्कची इमेज बाहेरच्या ड्राइव्हवर. मग विंडोजसोबत येणारं, डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल 'व्हॅलिडेट' पर्यायाने चालवायचं. ते काही बदलत नाही, फक्त जमेल की नाही ते सांगतं. इथे ते नापास झालं, कारण डी ड्राइव्ह एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत होता. या टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेड अजिबात चालत नाही. डी मधला मजकूर बाहेर काढला, ते पार्टिशन उडवलं, पुन्हा व्हॅलिडेट केलं, मग रूपांतर. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय (नवी बूट पद्धत), सीएसएम बंद, पीटीटी चालू, शेवटी सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उठू देणारी सोय). विंडोज नीट उठलं की रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट एकदा बंद करून पुन्हा चालू करायचं, नाहीतर त्याचा पत्ता जुन्या जागेचा राहू शकतो. या मशीनचं उत्तर 'हो'.

दुसरा मॅडमचा लॅपटॉप. सगळे निकष पूर्ण, पण ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप सुरू होतं. फर्मवेअरला (बायोसला) हात लावला की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर डेटा गेलाच. ती की कागदावर उतरवली, तिचा आयडी मशीनवरच्या आयडीशी जुळवला, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित केलं आणि मगच अपग्रेड सुरू केलं. आयडी जुळवणं महत्त्वाचं, कारण एकाच खात्यात जुन्या मशीनच्या कीही पडून असतात.

तिसरं मशीन सहाव्या पिढीच्या आय-३ चं, म्हणजे अपात्र. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदीत) बदल करून तपासणी चुकवता येते, हे मलाही माहीत आहे. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. त्यावर फक्त ब्राउझर आणि पीडीएफ चालायचं, म्हणून लिनक्स मिंट टाकलं.

खरी परीक्षा चौथ्याची होती. तो ५ किलोन्यूटनच्या टेन्साइल टेस्टिंग मशीनला, म्हणजे नमुना ओढून त्याची ताकद मोजणाऱ्या यंत्राला, जोडलेला. लोडसेलचे (भार मोजणाऱ्या सेन्सरचे) कच्चे आकडे कंट्रोलरकडून सिरीयल केबलने येतात, यूएसबी अ‍ॅडॉप्टरमधून संगणकात जातात आणि तिथला जुना ३२-बिट प्रोग्रॅम त्यांना कॅलिब्रेशनच्या गुणकाने गुणून न्यूटनमध्ये दाखवतो. विंडोज ११ चा सेटअप 'स्कॅन ओन्ली' (फक्त तपासणी) पर्यायाने चालवला, तर सी१९००२१० हा कोड आला. अर्थ: अडचण आढळली नाही. हा कोड इतकंच सांगतो की विंडोज बसेल. उपकरण बरोबर मोजेल की नाही, याची त्याला कल्पना नसते.

म्हणून मूळ डिस्कला हातच लावला नाही. नव्या एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत) घेतला, मूळ डिस्क काढून ठेवली आणि फक्त क्लोन जोडून मशीन सुरू केलं. दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्या तर सारख्या सिग्नेचरमुळे (डिस्कच्या ओळखक्रमांकामुळे) विंडोज एकीला ऑफलाइन करतं, किंवा कुठल्या डिस्कवर काम चाललंय याचाच घोळ होतो.

क्लोनवर विंडोज ११ बसलं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिरीयल अ‍ॅडॉप्टरवर पिवळं चिन्ह आलं. त्यातली चिप जुन्या पिढीची, तिचा आधार नव्या ड्रायव्हरने सोडलेला. विंडोज १० वर कुणीतरी जुना ड्रायव्हर हाताने निवडून काम चालवलं होतं. अपग्रेडने तो बदलला. जुना पुन्हा निवडता येतो, पण अपडेट आलं की तो पुन्हा बदलायची शक्यता राहते. मोजमापाच्या यंत्रावर असला टेकू नको. एफटीडीआय कंपनीच्या चिपचं अ‍ॅडॉप्टर लावलं. प्रोग्रॅमला कॉम-३ हाच सिरीयल पोर्ट लागायचा आणि तो क्रमांक जुन्या, आता न जोडलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या नावावर अडकलेला. 'हिडन डिव्हाइसेस' दाखवून तो काढला आणि नव्याला ३ क्रमांक दिला. तरी वाचन मधेच तुटायचं. या ड्रायव्हरचा लेटन्सी टायमर (आलेले आकडे पुढे देण्याआधी थांबण्याची वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांचा असतो, आणि आमच्या प्रोग्रॅमला उत्तर त्याहून लवकर हवं होतं. तो १ वर आणला आणि आकडे सलग येऊ लागले.

मग वजन टांगलं. ५० किलोचं प्रमाणित वजन, म्हणजे साधारण ४९० न्यूटन. पडद्यावर ४९० आले. सगळे खूश. ऑपरेटरने सवयीने प्रोग्रॅम बंद केला आणि राइट-क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने पुन्हा उघडला. मघाशी पोर्ट सापडत नव्हता तेव्हा तो तसाच उघडून पाहत होता. वजन उतरवून शून्य केलं, पुन्हा टांगलं. ४८२.

कुठली चेतावणी नाही, लाल रंग नाही. तोच प्रोग्रॅम, तेच वजन, तीच केबल, आणि आकडा १.६ टक्क्यांनी कमी. आयएसओ ७५००-१ या भार मोजणाऱ्या यंत्रांच्या मानकात क्लास १ च्या यंत्राला १ टक्का चूक चालते. म्हणजे या आकड्यावर दिलेला प्रत्येक अहवाल चुकीचा ठरला असता, आणि तो चुकीचा आहे हे कुणाला कळलंही नसतं.

कारण सापडलं ते विंडोजच्या एका जुन्या सोयीत. प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. जुने ३२-बिट प्रोग्रॅम मात्र आपल्या सेटिंगची फाइल तिथेच लिहायला जातात. ते कोसळू नयेत म्हणून विंडोज व्हिस्टापासून ते लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवलं जातं, आणि वाचतानाही तीच प्रत आधी दिली जाते. कॅलिब्रेशन करणाऱ्यांनी दर वेळी नवा गुणक भरला, तो तिथे जात राहिला. प्रोग्रॅम फाइल्समधली फाइल कारखान्यातून आली तशीच पडून होती. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की ही वळवावळवी होत नाही, आणि प्रोग्रॅम कारखान्याचा गुणक उचलतो. नवं खातं तयार केलं तरी हेच होणार. विंडोज कोरं टाकून प्रोग्रॅमचं फोल्डर तेवढं 'जपून' कॉपी केलं तरीही हेच.

हा धोका विंडोज १० वरही होता. पण अपग्रेडनंतर काही अडलं की लोक पहिला उपाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचाच करतात, म्हणून तो अपग्रेडच्या दिवशी सर्वांत मोठा. त्याच दिवशी मागचे अहवालही काढून पाहायला सांगितले. रोजच्या तपासणीच्या वजनाची नोंद होती, आणि ती सगळीकडे ४९० च्या आसपासच होती.

मॅडमनी विचारलं, "मग आता बदलायचा का हा?" मी म्हटलं, "आज नको." आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाप्रमाणे प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमधला बदल, अगदी मांडणीतला असला तरी, वापरण्याआधी मंजूर करून, पडताळून नोंदवावा लागतो. एका वजनावर ती पडताळणी होत नाही. पूर्ण पल्ल्यात निरनिराळ्या भारांवर व्हायला हवी, आणि ते पुढच्या कॅलिब्रेशनच्या वेळी होणारच आहे. तोवर मूळ डिस्क परत बसवली, जुनं अ‍ॅडॉप्टरही तिच्यासोबत, कारण तिथलं विंडोज त्यालाच ओळखतं. नेटवर्कची केबल काढली, वायफाय बायोसमधून बंद केलं. अहवाल बाहेर न्यायला एकच पेनड्राइव्ह ठरवला. तो रिसेप्शनच्या मशीनवर स्कॅन झाल्याशिवाय इकडे लावायचा नाही.

विंडोजमध्ये मागे फिरण्याची सोय आहे ना, असाही प्रश्न आला. आहे, पण मुळात १० दिवसांची. डिझम या विंडोजच्या कमांडने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, तीही मुदत संपण्याआधी. मधेच कुणी डिस्क क्लीनअपमध्ये विंडोज डॉट ओल्ड (जुन्या विंडोजचं फोल्डर) उडवलं की तीही गेली. लॅपटॉपला ती पुरेल. मोजणाऱ्या यंत्राला वेगळी डिस्कच हवी.

क्लोनवर एक काम मात्र लगेच केलं. प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्समधून काढून सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये पुन्हा बसवला, व्हर्च्युअलस्टोअरमधली गुणकाची फाइल तिथे आणली, त्या फोल्डरवर ऑपरेटरच्या खात्याला लिहायची परवानगी दिली आणि व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रतीचं नाव बदलून ठेवलं. आता फाइल एकच. प्रोग्रॅम साधा उघडून वजन टांगलं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून टांगलं, दुसऱ्या खात्यातून टांगलं. तिन्ही वेळा ४९०.