नोटीस दोन दिवसांची होती, मी अख्खं रजिस्टर देऊन टाकलं

नागपुरात नंदनवनकडे माझी छोटी लायब्ररी आहे, म्हणजे पुस्तकांची नाही, पोरं येऊन अभ्यास करतात ती. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, जी परीक्षा असेल ती. सकाळी 6 ते रात्री 11, ऐंशीच्या आसपास सीट. मागच्या पावसाळ्यात जे झालं ते आज लिहून राह्यलो कारण अजून डोक्यातून जात नाहीये.

बिल्डिंगखालून एक गाडी चोरीला गेली. दोन दिवसांनी दोन पोलीस आले, हातात एक कागद, ठाणेदारांची सही आणि शिक्का. मी कागद बघितला पण वाचला नाही, हे आधीच सांगतो. शिक्का बघितला आणि घाबरलो. ते म्हणाले रजिस्टर पाहिजे. मी जानेवारीपासूनचं सगळं रजिस्टर दिलं, आणि वर कोणी न मागता अॅडमिशन फॉर्मची फाईल पण दिली, ज्यात प्रत्येकाची आधारची झेरॉक्स, घरचा पत्ता, आईवडिलांचा नंबर. वाटलं आपण सहकार्य केलं, झंझट मिटली.

पुढच्या आठवड्यात पोरांना फोन जायला लागले, आणि काहींच्या घरी पण. भंडाऱ्याकडची एक मुलगी होती, खिडकीजवळ बसायची, सकाळी सगळ्यात आधी यायची. तिला ठाण्यात बोलावलं, मैत्रिणीला घेऊन गेली, दोन तास बसवलं, गाडीबद्दल एक प्रश्न विचारला आणि सोडून दिलं. पण त्याच्या आधीच तिच्या बाबांना फोन गेला होता. ते मला फोनवर एकच विचारत होते, "सर, माझ्या पोरीचा नंबर पोलिसांकडे काहून गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर मीच होतो. दोन दिवसांनी ते येऊन तिला सामानासकट घेऊन गेले.

नंतर तो कागद घेऊन मी सिव्हिल लाईन्सला जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका मित्राकडे गेलो. त्याने बोट ठेवून दाखवलं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं, 9 आणि 10 जुलैच्या उपस्थितीची नोंद सादर करावी. बस. दोन पानं. मी सहा महिने देऊन आलो होतो!

त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात कलम 94 आहे, जुन्या 91 च्या जागेवर. कोर्ट समन्स काढून किंवा ठाणेदार लेखी आदेश देऊन कोणाकडूनही कागदपत्रं मागू शकतात, आता त्यात मोबाईल, कॉम्प्युटर, डिजिटल पुरावा सगळं आलं. आदेश लेखीच पाहिजे, तोंडी सांगितलेलं त्यात बसत नाही, आणि लेखी आला की तो पाळावा लागतो, टाळाटाळ केली तर गुन्हा होतो. पण जे मागितलं तेवढंच द्यायचं असतं. आणि मुलींना ठाण्यात बोलावण्याबद्दल कलम 179 मध्ये सरळ लिहिलंय की साक्षीदार म्हणून बाईला ती राहते त्या जागेशिवाय दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही, 15 च्या आतल्या मुलाला आणि 60 च्या वरच्या माणसाला पण तेच. हे त्या मुलीला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

ज्याच्यावर आरोप आहे त्याला तरी थोडं संरक्षण आहे, राज्यघटनेचं कलम 20(3), स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने 1965 मध्येच सांगितलं होतं की कागद सादर करायची ही सक्ती आरोपीवर लागू नाही. पण ज्याच्यावर काहीच आरोप नाही, फक्त ज्याची माहिती माझ्यासारख्या तिसऱ्या माणसाकडे पडली आहे, त्याचं काय? बँकेकडे आपलं स्टेटमेंट, मोबाईल कंपनीकडे आपला सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, सोसायटीकडे सीसीटीव्ही. आदेश त्यांच्या नावाने निघतो, माहिती आपली जाते. ज्याची माहिती गेली त्याला कळवा असं कलम 94 मध्ये कुठेच नाही. मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

कागद सादर करायच्या अशा आदेशाला अमेरिकेत सबपीना म्हणतात, मूळ लॅटिन अर्थच 'शिक्षेच्या धाकाखाली'. तिथे 1976 मध्ये कोर्टाने म्हटलं की बँकेला दिलेली माहिती तुमची खाजगी राहत नाही. मग 2018 मध्ये कार्पेंटर केस आली, पोलिसांनी एका माणसाचं 127 दिवसांचं मोबाईल लोकेशन वॉरंटशिवाय घेतलं होतं, तेव्हा कोर्ट म्हणालं की यासाठी वॉरंट पाहिजे. आपल्या सुप्रीम कोर्टाने तर कॅनरा बँकेच्या केसमध्ये तो 1976 चा विचार मानलाच नाही, कागद बँकेत ठेवला म्हणून त्यावरची प्रायव्हसी संपत नाही असं सांगितलं. आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे पण होते, हे वाचून मला खरंच अभिमान वाटला आणि त्याच वेळी ती फाईल आठवून फार वाईट वाटलं. एवढा मोठा हक्क, आणि तो माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधून निघून गेला.

पोलिसांवर माझा राग नाही, चोर तर पकडायलाच पाहिजे. पण कागद वाचायचं काम माझं होतं.

आता आधारची झेरॉक्स घेतच नाही, कार्ड बघतो आणि परत देतो. रजिस्टर महिन्याचं वेगळं. कोणी आलं तर आदेश वाचतो, तेवढ्याच पानांची कॉपी देतो, काय दिलं ते लिहून पोच घेतो, आणि कागदात मनाई नसेल तर पोरांना सांगतो.

मागच्या महिन्यात त्या मुलीला फोन केला, म्हटलं सीट ठेवू का. तिने आधी विचारलं, "सर, पुन्हा पोलीस आले तर माझं नाव द्याल का?" मी खोटं बोललो नाही. म्हटलं, कागदात तुझा दिवस असला तर द्यावं लागेल, नसला तर नाही देणार, आणि दिलं तर तुला त्याच दिवशी सांगीन. ती म्हणाली बाबांना विचारते.