दुकानदाराचा सल्ला, मॅडमचा सल्ला

आमच्या लातूर भागात शेतकऱ्याचा पहिला सल्लागार म्हणजे कृषी सेवा केंद्रवाला. जूनमध्ये खत-बियाणं तो उधारीवर देतो, सोयाबीन विकलं की पैसे घेतो. त्यामुळे अळी पडली की पानं तोडून त्याच्याकडेच जायचं आणि तो काढून देईल ते फवारायचं. त्याला नावं ठेवून उपयोग नाही, अडीनडीला तोच उभा राहतो. पण सल्ला नि माल एकाच काउंटरवर मिळत असला की ‘यंदा काही फवारू नका’ असं कुणी सांगत नाही.

कृषी विज्ञान केंद्रात गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, आधी माती आणा. हरभरा निघाल्यावर नमुना घेतला. बांध, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा सोडून, वावरभर नागमोडी फिरत इंग्रजी ‘व्ही’सारखे वीतभर खोल खड्डे केले. आतली माती बाहेर टाकायची आणि कडेची वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. मग सगळी मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. वरची मुरमाड पट्टी आणि खालचं काळं रान यांच्या पिशव्या वेगळ्या. वडील बघत होते. म्हणाले, “आपलं रान कसंय हे आता कागद सांगणार का?”

तपासणीनंतर जमीन आरोग्य पत्रिका मिळाली, त्या कागदावर बारा घटक आले. काळ्या रानाचा सामू (पीएच) 8.1, सेंद्रिय कर्ब, म्हणजे पालापाचोळा कुजून मातीत मुरलेला अंश, 0.38 टक्के, कमीच, पालाश भरपूर, जस्त आणि गंधक कमी. इथवर समजलं. पुढची शिफारस मात्र हेक्टरात, आमचा हिशेब एकरात आणि खत येतं पोत्यात! मॅडमनी वहीच्या पानावर मांडून दिलं: सोयाबीनला हेक्टरी 30:60:30, म्हणजे एकरी 12 किलो नत्र, 24 किलो स्फुरद, 12 किलो पालाश. स्फुरद डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर एकरी तीन पोती लागतात, पण त्यातूनच गंधकही मिळतं. पालाश जमिनीत आहेच, तो निम्मा करा. झिंक सल्फेट एकरी 10 किलो. बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत चोळा आणि उभ्या पिकात युरिया फेकायचा बंद करा, नत्र पुरवायचं काम मुळांवरच्या गाठी करतात. हे पान नसतं तर ती पत्रिका कपाटात पडून राहिली असती.

बियाणं घरचंच ठेवलं. ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहिली, सत्तरच्या वर निघाली. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करायची होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला येतो, पण ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुणाच्या शिवारात, ते आभाळालाच विचारावं लागतं.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. फुलं लागायच्या सुमाराला उंटअळी दिसली, शेजारी पंप पाठीला लावून निघाले. मी फोटो पाठवला तर मॅडमचा उलटा प्रश्न, “मीटरभर ओळीत किती आहेत?” मोजल्या, दोन भरल्या. चार लहान अळ्या होईपर्यंत रासायनिक फवारणी नको, म्हणाल्या. पक्षीथांबे, म्हणजे अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या, उभे करा, पाच टक्के निंबोळी अर्क मारा, परत मोजा. 2008च्या अळीच्या उद्रेकानंतर राज्यात क्रॉपसॅप हे किडींवर नजर ठेवायचं सरकारी काम सुरू झालं, तेही असंच मोजून सल्ला देण्यासाठी. अर्क मारून थांबलो. पानांची चाळण होताना हातावर हात धरून बसणं सोपं नाही, रोज शेंडे उलटून बघत होतो. आकडा चारवर गेला नाही.

उतारा काही फार वाढला नाही. खर्च उतरला, एक फवारणी वाचली. कर्ब एका हंगामात हलत नाही. भुसकट न जाळता रानातच कुजवायला सुरुवात केली आहे, फरक काही वर्षांनी दिसेल. आमच्याकडच्या बटईदारांची, म्हणजे दुसऱ्याचं रान वाट्यानं कसणाऱ्यांची, अडचण वेगळी आहे: पत्रिका मालकाच्या नावावर आणि रान पुढच्या साली आपल्याकडे राहील याची खात्री नाही. मग कर्बासाठी त्यांनी पैसा का घालावा?

आणखी एक. मेसेज येतात ते माझ्या फोनवर, पण खुरपताना अळी आधी दिसते बायकांना. म्हणून मॅडमचा नंबर आता बायकोच्या फोनमध्ये टाकलाय. त्या दिवशी मीटर पट्टी धरून ओळीत वाकून बसली होती, तीही तीच.