कळलावीचं विष आणि कांद्याची मुळं: माझा प्रोजेक्टचा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय मिळाला पेशीच्या सांगाड्याचा. सूक्ष्मनलिका, म्हणजे त्या सांगाड्यातल्या बारीक नळ्या, उभ्याच राहू दिल्या नाहीत, तर पेशीतल्या संदेशांचं काय होतं? यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं कॉलेज, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नाही, पेशी वाढवायची सोय नाही. सर म्हणाले, "कांदा आहे ना? मग झालं."

औषध ठरलं कोल्चिसीन. आमच्या धुऱ्यावर पावसाळ्यात लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्यात हेच असतं. "हात नको लावू बाप्पा, इख हाय ते," असं आजोबा म्हणायचे, आणि ते खरंच आहे. म्हणून कंदाच्या नादी न लागता शुद्ध पावडर मागवली. ती यायलाच निम्मं सत्र गेलं.

कोल्चिसीन ट्युब्युलिनला, म्हणजे या नलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्याला, चिकटतं आणि नलिका बनूच देत नाही. प्राण्यांच्या पेशींना अगदी थोडं पुरतं, वनस्पतींचं ट्युब्युलिन मात्र सहज दाद देत नाही. ०.०५ टक्के द्रावणात कांद्याची मुळं तीन-चार तास बुडवली.

खरा घाम काढला तो स्लाइडने. लाईन गेली की वॉटर बाथ बंद. मग वॉचग्लासमध्ये मुळाचं टोक, गुणसूत्रं रंगवणाऱ्या ॲसिटो-ऑर्सिनचे ९ थेंब, १ थेंब हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि खाली स्पिरिटचा दिवा. वाफ दिसली की लगेच बाजूला. उकळी फुटली तर टोक वाया. टोकाचा गडद रंगलेला मिलिमीटरभर तुकडा, कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याचा सरळ दाब.

साध्या पाण्यातल्या मुळांत विभाजनाच्या सगळ्या अवस्था दिसल्या. कोल्चिसीनमध्ये मात्र मेटाफेजचीच (गुणसूत्रं वेगळी होण्याआधीची अवस्था) गर्दी, १६ गुणसूत्रं सांडलेल्या काड्यांसारखी पसरलेली, ॲनाफेज, म्हणजे नलिका गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात ती अवस्था, शोधूनही सापडेना. कारण गुणसूत्राला नलिका जोडली गेली नाही, तर तिथूनच 'थांबा'चा संदेश सुटतो. ही यंत्रणा चालवणारी जनुकं १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडली, तीही बेनोमिल या बुरशीनाशकाच्या मदतीने. आपण बियाण्याला चोळतो ते कार्बेन्डाझिम त्याचंच भावंड.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी नेमकं धरलं: "परिणाम नलिकांमुळेच, कशावरून?" याची तयारी होती. अतिनील प्रकाशात कोल्चिसीनचं ल्युमिकोल्चिसीन होतं, ते ट्युब्युलिनला धरत नाही. त्यातली मुळं पाण्यातल्यासारखीच वाढली होती. माझ्या मते, हा कंट्रोल (तुलनेचा प्रयोग) नसेल तर बाकी सगळ्या स्लाइड फक्त चित्रं.

औषध धुऊन आणखी वाढू दिलेल्या मुळांत काही पेशींत ३२, म्हणजे दुप्पट, गुणसूत्रं मोजता आली. म्हणजे 'थांबा' कायमचं नाही. पेशी दुभंगल्याशिवायच पुढे सरकते. किती वेळाने, हे बघायला सत्र उरलं नाही. ते काम आता ज्युनिअरकडे दिलंय, पावडरच्या कपाटाच्या किल्लीसकट.